खडे कोणी वाचले

३ फेब्रुवारी

डॉक्टर वन्सं,

तुम्हाला नमस्कार आता वाकून करायचा की उभ्या उभ्या चालेल, ते एकदा कळवा म्हणजे झालं. परवा तुझा फोन ठेवल्या ठेवल्या आईंनी तुझा पेपर छापून आल्याची बातमी आधी शेजारी दिली आणि मग मला. मला खूप आनंद झाला, खरंच. पाच वर्षं तू त्या माशांपायी किती खपलीस ते मी बघितलंय.

फोन न करता पत्र लिहितेय, कारण मी फोनवर बोलायला लागले की आई दोन मिनिटांत हात पुढे करून 'मला दे' म्हणतात, आणि ही गोष्ट इतक्यात त्यांच्या कानावर नको. इथल्या मत्स्य संशोधन केंद्रात सहायकाची एक जागा निघालीय. काम काय, तर माशांच्या कानातले खडे वाचायचे! जाहिरात वाचून मी एकटीच हसत बसले. अख्ख्या जगात हे काम येणाऱ्या बायका असून असून किती असतील, आणि त्यातली एक इथे चादरींच्या घड्या घालतेय.

एमएस्सी आहेच. वय ऑगस्टात अटीबाहेर जातंय, तेव्हा हीच शेवटची संधी. अडतंय ते एका अटीवर: स्वतःचं नाव असलेला निदान एक छापील पेपर. आणि तो तर झालाच की! अकराशे चाळीस खडे वाचलेत मी तुझ्यासाठी. तू पेट्या पोस्टाने धाडायचीस, मी जेवणाच्या टेबलावर मायक्रोस्कोप मांडून वर्तुळं मोजायची, जितकी वर्तुळं तितकं माशाचं वय. तुझे आकडे मी बघायचे नाहीत, माझे तू नाहीत, आणि शेवटी दोन्ही जुळवून बघायचे. तुझा दादा अजून जेवायला बसताना काच टोचेल म्हणून आधी टेबलावरून हात फिरवतो.

तर प्रत लवकर पाठव. अर्जाची शेवटची तारीख १५ एप्रिल. माझं नाव चौथं असो नाहीतर चाळिसावं, मला चालतंय.

तुझी दुसरी वाचक,
वहिनी


१४ फेब्रुवारी

वहिनी,

पत्र आठ दिवसांपूर्वीच मिळालं. लगेच लिहायला बसले होते, पण इथे परीक्षा सुरू आहेत, पर्यवेक्षण, पेपर तपासणी, डोकं वर काढायला फुरसत नाही. रागावू नकोस.

जागेची बातमी ऐकून फार बरं वाटलं. तुझ्याइतकं ते काम कुणाला जमणार?

आता नावाचं सांगते. वहिनी, आमच्याकडे पेपरवर कुणाची नावं जाणार ते गाइड ठरवतात. विद्यार्थ्याला कुणी विचारत नाही. मी तुझं नाव घातलं होतं, सरांनी ते कापलं. विभागाबाहेरची माणसं नकोत म्हणाले. मी दोन-तीनदा सांगून बघितलं, पण माझी नोकरी अजून कच्ची आहे, कायम व्हायचंय, आणि त्यासाठी हाच पेपर लागणार आहे. जास्त ताणून धरता येईना. शेवटी आभार मानलेत, त्यात घरच्यांचा उल्लेख आहे.

प्रत सोबत ठेवतेय. केंद्राची ती अट थोडी शिथिल होते का, हे दादाला विचारायला सांग ना. आईच्या पायाला आता कसं आहे?

तुझीच


२० फेब्रुवारी

वन्सं,

प्रत मिळाली. चार नावं आहेत. पहिलं तुझं, ते योग्यच. दुसरं सरांचं, तेही ठीक. तिसरं विभागप्रमुखांचं, या माणसाला खड्याची पेटी उघडी दाखवली तर तो खडीसाखर समजून तोंडात टाकेल, असं तूच मला सांगितलं होतंस. चौथी आलेख काढून देणारी मुलगी. आलेख सुबक आहेत हो, काही म्हणणं नाही.

मग आभार बघितले. 'कुटुंबीयांच्या सहकार्याबद्दल.' तुझा दादा म्हणाला, हे बहुतेक मी पोस्टातून पेट्या उचलून आणायचो त्याबद्दल असणार. आम्ही हसलो. नंतर मी आत जाऊन थोडं रडले, ते तुझ्यापासून कशाला लपवू?

तुझ्यावर राग नाही. तुझी कच्ची नोकरी मला कळते. मोठ्या माणसापुढे तोंड उघडायचं म्हणजे आपले हातपाय गार पडतात, मलाही असंच होतं. पण मी त्यांच्या हाताखाली नाही ना! तेव्हा मीच सरांना चार ओळी लिहिते. भांडायचं नाही, फक्त इतकाच दाखला मागायचा की दुसरी वाचक मी होते. नाव नाही तर नाही, दाखल्यावर काही भागतंय का बघू. तू मधे पडू नकोस, तुला त्रास नको.

आईंचा पाय बरा आहे. काठी घेऊन फाटकापर्यंत जातात.

वहिनी


२४ फेब्रुवारी

वहिनी,

घाईत लिहितेय. सरांना लिहू नकोस. त्यांचा स्वभाव तुला माहीत नाही, उगाच गैरसमज होतील. दाखल्याचं मी बघते. लिहिलं असशील तरी टाकू नकोस. तुला दोनदा फोन केला, दोन्ही वेळा आईनेच घेतला.


६ मार्च

ताईसाहेब,

तुमचं पत्र उशिरा पोचलं. मी सरांना आधीच लिहिलं होतं, आणि त्यांचं उत्तर काल आलं. सभ्य माणूस दिसतो. त्यातलं इथे उतरवून देते:

'आपल्या पत्राने आश्चर्य वाटले. पेपर पाठवण्यापूर्वी दुसरा वाचक कोण, असे मी दोन वेळा विचारले होते. मोजदाद एका हंगामी मदतनिसाकडून करून घेतली व ती व्यक्ती आता संपर्कात नाही, असे मला सांगण्यात आले. आपण त्यांच्या भावजय आहात हे मला आजच समजते आहे. आपले नाव माझ्यासमोर आले असते, तर ते कापण्याचे मला काही कारण नव्हते.'

मी या घरात येऊन अकरा वर्षं झाली. ज्या वर्षी तुमच्या आईंचं खुब्याचं हाड मोडलं, त्या वर्षी त्यांचं सगळं अंथरुणात करायचं आणि हात धुऊन तुमचे खडे वाचायला बसायचं, असं मी सात महिने केलंय. त्याबद्दल मी कधी चकार शब्द काढला नाही, आताही काढला नसता. पण संपर्कात नाही? दर रविवारी फोन करता तुम्ही.

मला कारण हवंय. खरं असेल ते.


११ मार्च

वहिनी,

'तुम्ही' म्हणालीस. ते मला लागायला हवं होतं, आणि लागलं.

सरांनी तुझं नाव कापलेलं नाही. मी ते कधी घातलंच नव्हतं. खोटं बोलले मी तुझ्याशी, आणि त्याआधी त्यांच्याशी.

कारण लिहिते. तू वाचून मला काय म्हणशील, ते मी मनात शंभरदा ऐकून झालंय. सरांच्या खोलीत त्या दिवशी विभागप्रमुख बसलेले होते. सरांनी विचारलं, दुसरा वाचक कोण, कुठल्या संस्थेतला? माझ्या डोळ्यांसमोर आपलं जेवणाचं टेबल आलं, त्याच्यावरचं प्लास्टिक, कडेला आईच्या गोळ्या, आणि मॅक्सीत बसलेली तू. मला वाटलं, हे मी सांगितलं तर हे दोघं हसतील. म्हणतील, हिची पीएचडी स्वयंपाकघरात झाली! माझ्या तोंडून 'एक हंगामी मदतनीस होती' निघून गेलं. मला तुझी लाज वाटली, वहिनी. माझ्यापेक्षा चांगले खडे वाचणाऱ्या बाईची. आणि एकदा बोलल्यावर ते मागे घ्यायची हिंमत झाली नाही. दुसऱ्यांदा सरांनी विचारलं तेव्हा 'संपर्कात नाही' हे मी वर चिकटवलं.

काल सरांकडे जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी उठून कपाटातून जर्नलची फाइल काढली. मला ओरडले असते तर बरं झालं असतं. मग म्हणाले, जर्नलचा दुरुस्तीचा फॉर्म असतो, राहिलेलं नाव घालता येतं, सगळ्यांनी सह्या करायच्या. कारणाच्या रकान्यात 'नजरचुकीने' लिही, सगळे तेच लिहितात. तीन आठवड्यांत दुरुस्ती लागते. म्हणजे तुझ्या १५ एप्रिलच्या आत.

फॉर्म सोबत आहे. तुझी सही करून पाठव. मला माफ कर असं लिहिणार नाही, ते मागायला मला तोंड नाही.


१९ मार्च

वन्सं,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचल्यावर ते फाडून टाकावंसं वाटलं. मॅक्सी! अगं, सात महिने मी दुसरं काय नेसून बसणार होते, पैठणी?

पण फॉर्मवर सही करायला बसले आणि हात थांबला. तुझ्या फॉर्मवर एक वाक्य छापलंय, वाचलंस का? 'या पेपरातील माझ्या कामाची जबाबदारी मी घेते.' त्याच्याखाली माझी सही.

आता मी सांगते ते ऐक. आठवी आणि नववी पेटी तू एकाच पार्सलमध्ये पाठवली होतीस, आठवतंय? त्या पार्सलात तुझं रजिस्टरही होतं. तुझ्याकडून चुकून आलेलं. तुझे सगळे आकडे, ओळीने, खड्याच्या नंबरासकट. मी ते बाजूला ठेवलं, वर वर्तमानपत्र टाकलं. दोन दिवस हात लावला नाही. आईंना तेव्हा ताप होता, तू रोज फोन करून 'वहिनी, एवढ्या आठवड्यात दे, सर मागे लागलेत' म्हणत होतीस. आणि त्या दोन पेट्यांत सगळे मोठे, म्हातारे मासे. त्यांची शेवटची वर्तुळं काठाशी इतकी दाटलेली असतात की एकदा अकरा दिसतात, एकदा चौदा. एका खड्यापाशी मी अर्धा तास अडले. म्हटलं, एवढाच बघू, खात्रीपुरता. तुझे चौदा होते. मी चौदा लिहिले.

पुढचे मी वाचलेच नाहीत, वन्सं. एकशे नव्वद खडे. तुझ्या रजिस्टरातून उतरवून घेतले. आणि खरं वाटावं म्हणून मधूनमधून एखादा मुद्दाम एकाने चुकवला. कोणता चुकवायचा त्याचाही विचार करून. मग तुला फोन करून म्हणाले, रजिस्टर आलंय गं, मी उघडलं नाही. तू म्हणालीस, माझा विश्वास आहे.

तुझ्या पेपरात लिहिलंय ना, म्हाताऱ्या माशांतही दोन वाचकांचे आकडे शंभरात त्र्याण्णव वेळा जुळले? ते माझ्या नकलेचं यश आहे.

तुझ्यावर रागावले होते तोवर हे मला आठवतसुद्धा नव्हतं, हे सगळ्यात वाईट. नाव नाही म्हणून मी रडले, सरांना लिहिलं, तुला 'ताईसाहेब' म्हणाले. नाव लागणार म्हटल्यावर आठवलं. नाव नसतं तर हे कुणी मला कधीच विचारलं नसतं.

माझं नाव लागायचं असेल तर हे सांगूनच लागू दे. त्यात तारीख जाईल, मला कळतंय. जाऊ दे.

वहिनी


२८ मार्च

वहिनी,

तुझं पत्र वाचून माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, ते सांगून टाकते. सुटल्यासारखं वाटलं. वाटलं, चला, म्हणजे दोघी सारख्याच. हे वाटलं त्याची लाज तुझं पत्र खाली ठेवायच्या आत आली.

कारण आपण सारख्या नाही. तू माझ्या आईच्या तापात बसून नक्कल केलीस. मी पंख्याखाली बसून तुला गायब केलं.

मग दुसरं सुचलं. तुला लिहावं, की हे पत्र मी जाळते, तू सही कर, नाव लागू दे, नोकरी लागू दे, वर्षभराने बघू. ते पत्र मी लिहिलंही. तुझ्या भल्यासाठी म्हणून लिहिलं. पाकीट बंद करताना कळलं की पेपर डळमळला तर मी कायम होणार नाही, भल्याचा हिशेब तिथून सुरू होता. ते फाडलं. मग 'तू म्हणशील तसं करू, तूच ठरव' असं लिहायला घेतलं. तेही फाडलं, कारण माझं काम तुझ्या टेबलावर ढकलायची मला फार सवय झालीय, आणि तू तर ठरवून मला कळवलं होतंसच.

सोमवारी सरांना तुझं पत्र वाचून दाखवलं. मॅक्सीचा परिच्छेद गाळला. सर म्हणाले, म्हातारे मासे चौदा वर्षं जगतात हेच तर तुझ्या पेपराचं म्हणणं आहे, आणि ते याच दोन पेट्यांवर उभं आहे. मी म्हटलं, हो. ते म्हणाले, मग परत वाचा, आणि जे निघेल ते छापा. विभागप्रमुखांना कळल्यापासून ते मला कॉरिडॉरमध्ये ओळखत नाहीत. आपलं नाव पेपरावरून काढता येईल का, अशी चौकशी त्यांनी केली म्हणे. आता त्यांना आठवलं की त्यांनी काहीच काम केलेलं नव्हतं!

दोन्ही पेट्या पाठवतेय. मायक्रोस्कोपही, विभागाचा, सरांनी स्वतः सही करून दिलाय, तुझ्या नावाने. रजिस्टर पाठवलेलं नाही. पार्सल तीनदा उघडून बघितलं.

फॉर्म मी नवा भरलाय. नाव का राहिलं, त्या रकान्यात 'नजरचुकीने' लिहिलेलं नाही. लिहिलंय: 'दुसरी वाचक माझी भावजय होती, तिने घरी बसून काम केले, आणि मला ते सांगायची लाज वाटली.' सर म्हणाले, असं कुणी लिहीत नाही. पण त्यांनी खाली सही केली.

तुझी तारीख माझ्यामुळे जातेय. हे मी आयुष्यभर कसंही फेडलं तरी फिटणार नाही.


१७ एप्रिल

वन्सं,

एकशे नव्वद खडे वाचून झाले. यादी सोबत आहे. तू जुळवून बघ, पण मला अंदाज आहेच. जुन्या यादीत मी जिथे तुझे चौदा उतरवले होते, तिथे बऱ्याच ठिकाणी मला अकराच दिसतात, बाराच्या वर जात नाहीत. तुझं बरोबर की माझं, मला माहीत नाही. तिसरा वाचक लागेल. माझे मात्र माझे आहेत, एवढं छातीठोक सांगते. फॉर्मवर सही केलीय. माझ्या बाजूच्या रकान्यात नकलेचं सगळं लिहिलंय, जागा पुरली नाही म्हणून पान उलटून मागेही.

अर्जाची तारीख परवा गेली. शेवटच्या दिवशी मी केंद्रापर्यंत जाऊन आले. आत नाही गेले. बाहेर फलकावर पात्रतेच्या अटी लावल्यात, त्या उभ्याने वाचल्या, भाजी घेतली आणि परत आले. वाईट वाटलं. खूप वाटलं. ते तुला कळावं म्हणून लिहितेय, टोचावं म्हणून नाही. थोडं टोचलं तरी माझी हरकत नाही.

तुझ्यावरचा राग गेला का, असं तू विचारलेलं नाहीस, ते बरं केलंस. सकाळी जातो, संध्याकाळी परत येतो.

एक काम मात्र मी करणार नाही, ते तुझं आहे. आईंना यातलं काही माहीत नाही. तुझ्या पेपराची ती प्रत त्यांनी माझ्याकडून मागून घेतली आणि उशाशी ठेवलीय. कुणी भेटायला आलं की चष्मा लावून काढतात. त्यांना त्यातलं एक अक्षर कळत नाही, पण शेवटची आभाराची ओळ कुठे आहे ते मी एकदा दाखवलं होतं. 'कुटुंबीय' या शब्दावर बोट ठेवून त्या सगळ्यांना सांगतात, हे बघा, पोरीने आमचं नाव घातलंय. मग माझ्याकडे बघतात, हो ना गं?

मी हो म्हणते. काल दोनदा म्हणाले. आता माझ्याने होणार नाही. येत्या रविवारी फोन करू नकोस, ये.

वहिनी